आधी पैसे की आधी वीज?

बदलीच्या गावी खोली बघायला गेलेला शिक्षक घरमालकाला साधारण चार प्रश्न विचारतो. भाडे किती, अनामत किती, पाणी किती वेळ असते आणि लाइट बिल कुणी भरायचे? पहिल्या तिन्हींची उत्तरे लगेच मिळतात. चौथ्याचे उत्तर बहुधा ‘ते बघू हो गुरुजी, दोन माणसांचे असे किती येणार’ असे असते. या लेखात आम्ही त्या चौथ्या प्रश्नाच्याच मागे लागणार आहोत. गेल्या काही वर्षांत त्याला एक शेपूट फुटले आहे: मीटर प्रीपेड की पोस्टपेड? म्हणजे आधी पैसे भरून मग वीज वापरायची, की आधी वीज वापरून मग बिल भरायचे? आणि पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जायचे असेल, तर भाड्याच्या घरात त्याची किंमत कोण मोजतो?

उदाहरणासाठी चौलचे एक घर डोळ्यांपुढे आणू. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला नारळी-पोफळीचे आगर, आगरात घर, घरामागे विहीर. पूर्वी शिंपण रहाटाने होई, आता विहिरीवर पंप आहे. घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या. ओटीवर वीज कंपनीचा एकच मीटर, घरमालकाच्या किंवा कधीकधी त्याच्या आजोबांच्या नावाचा. हे घर काल्पनिक आहे, पण आपल्या वाचकांपैकी अनेकांना ते ओळखीचे वाटेल.

मीटरला पैसे कळत नाहीत

प्रथम एक गैरसमज दूर करू. प्रीपेड मीटर ‘वेगळ्या तऱ्हेने’ मोजतो, ‘पळतो’, असे आपण नेहमी ऐकतो. मोजण्याचे काम दोन्हींत अगदी एकच आहे. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. एका गुंडाळीतून घराचा विद्युतप्रवाह जाई, दुसरी विद्युतदाबाला जोडलेली असे, आणि दोघींच्या चुंबकीय क्षेत्रांमुळे चकतीत प्रवाह निर्माण होऊन ती फिरे. हंगेरीतील ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये केलेली ही रचना शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरच्या भिंतींवर टिकली. आजच्या मीटरमध्ये फिरणारे काही नाही. दाब आणि प्रवाह सेकंदाला अनेक वेळा मोजायचे, त्यांचा गुणाकार करायचा आणि बेरीज करत जायची, एवढेच तो करतो. बेरीज एक किलोवॅट-तास भरली की एक युनिट.

याचा पडताळा मुलांकडून सहज घेता येतो. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या पाटीवर एक आकडा छापलेला असतो, पुष्कळदा ३२००. त्याचा अर्थ एका युनिटला ३२०० लुकलुकी. घरातले बाकी सर्व बंद करून १०० वॅटचा जुना बल्ब लावा. तासाला ०.१ युनिट, म्हणजे ३२० लुकलुकी, म्हणजे मिनिटाला पाचहून थोड्या अधिक. हजार वॅटची इस्त्री लावली तर मिनिटाला सुमारे ५३. गणिताने काढलेला आकडा आणि घड्याळ धरून मोजलेला आकडा जुळला, तर मीटर ठीक आहे. इस्त्री ठरावीक तापमानाला आपोआप बंद होते, तेव्हा ती तापत असतानाच मोजावे. (वॅटचा आकडाही उपकरणावर छापलेला असतो, पण तो नेमक्या विद्युतदाबाला लागू असतो. कोकणात संध्याकाळी दाब उतरला की उत्तर थोडे कमी येईल. हाही एक धडाच.)

मग प्रीपेडमध्ये वेगळे काय? दोन गोष्टी: पुरवठा बंद-चालू करणारा मीटरमधला स्विच आणि शिल्लक रकमेचा हिशेब. हा हिशेब कुठे राहतो, यावरून प्रीपेडच्या दोन पिढ्या पडतात.

पहिल्या पिढीत तो मीटरच्या पोटात असे. याचे मूळ गॅसच्या मीटरमध्ये सापडते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये फटीत पेनी टाकली की ठरावीक गॅस देणारे मीटर आले. एकदम मोठे बिल भरणे ज्यांना परवडत नव्हते, अशा भाडेकरू कामगारांच्या घरांत ते बसले. म्हणजे प्रीपेड आणि भाड्याचे घर यांची गाठ शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे.

पुढे नाण्याची जागा आकड्यांनी घेतली. दक्षिण आफ्रिकेत लाखो घरांना वीज देताना मीटर आणि कचेरी यांच्यात तार किंवा फोन नव्हता. तेव्हा युक्ती अशी केली: दुकानात पैसे भरले की चिठ्ठीवर वीस अंकी संख्या मिळते, ती मीटरच्या बटणांवर दाबायची. त्या संख्येत किती युनिटे घेतली हे गुप्त लिपीत असते. पण मग तीच चिठ्ठी दुसऱ्या दिवशी पुन्हा का वापरू नये? म्हणून संख्येत ती तयार झाल्याची वेळही दडवलेली असते. १ जानेवारी १९९३ पासून किती मिनिटे झाली ती संख्या. मीटर एकदा स्वीकारलेली वेळ पुन्हा स्वीकारत नाही. या वेळेसाठी २४ द्विमान अंकांची जागा ठेवली होती. २ चा २४ वा घात १,६७,७७,२१६. इतक्या मिनिटांचे दिवस करायला मुलांना सांगा. सुमारे ११,६५१ दिवस येतात, आणि ती मुदत २४ नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्या तारखेपूर्वी कोट्यवधी मीटरांत घरोघरी दोन विशेष संख्या दाबून मोजणी नव्याने सुरू करावी लागली. ज्यांचे राहून गेले, त्यांच्या मीटरांनी नवी चिठ्ठी घेणेच बंद केले. बहुतेक घरांत याची कल्पनाही नसावी की आपल्या ओट्यावर एक घड्याळ इतकी वर्षे मिनिटे मोजत बसले आहे.

दुसरी पिढी म्हणजे आपल्याकडचा स्मार्ट मीटर. तो मोबाइलसारख्या जाळ्यातून वाचन कचेरीत पाठवतो आणि शिल्लक रकमेचा हिशेब तिथल्या संगणकावर होतो. शिल्लक संपली की तिथूनच ‘बंद’ हा निरोप येतो. इथे एक महत्त्वाची गोष्ट निघते. अशा मीटरवर प्रीपेडवरून पोस्टपेडवर जाताना भिंतीवरचे काहीच बदलत नाही. दूरच्या संगणकातली एक नोंद बदलते.

महाराष्ट्रात नेमके हेच घडले, तेही राज्यभर. ३१ डिसेंबर २०२० च्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांत, नवी जोडणी स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरवरच द्यावी, अपवाद राज्य आयोगाच्या मान्यतेने, अशी तरतूद आली. २०२३ मध्ये महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटरांची कंत्राटे दिली. लोकांचा विरोध वाढला आणि जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर स्मार्ट मीटर बसू लागले ते पोस्टपेड पद्धतीने, महिन्याच्या बिलावर. जुलै २०२५ पासून अशा मीटरच्या घरगुती ग्राहकांना दिवसा ठरावीक तासांत वापरलेल्या विजेवर सवलतही सुरू झाली. कोणत्या तासाला किती वीज वापरली हे मीटर लक्षात ठेवतो, म्हणूनच ती देता येते. पैसे आधी की नंतर, याच्याशी तिचा संबंध नाही.

उधारी नेमकी कुणाची?

पोस्टपेड म्हणजे कंपनीने दिलेली उधारी, असे वरवर दिसते. हिशेब करून पाहू.

समजा आपल्या भाडेकरूचा वापर महिन्याला ६०० रुपयांचा, म्हणजे दिवसाला २० रुपयांचा आहे. तीस दिवसांनी वाचन होते, आठवड्याने बिल येते, ते भरायला साधारण तीन आठवडे मिळतात. बिल भरण्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्याकडे ५८ दिवसांच्या विजेचे पैसे थकलेले असतात: ११६० रुपये. बिल भरले की मागच्या २८ दिवसांचे ५६० उरतात. म्हणजे थकलेली रक्कम ५६० ते ११६० यांच्यात वरखाली होते आणि सरासरीने ८६० रुपये राहते.

आता अनामत पाहा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेनुसार सुरक्षा ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट: १२०० रुपये. ५८ दिवसांची ११६० रुपये उधारी आणि १२०० रुपयांची ठेव हे आकडे इतके जवळ का आले, हे आता सांगायला नको. कंपनी ग्राहकाला जास्तीत जास्त जितके उधार देते, तितके तिने आधीच घेऊन ठेवलेले असते. सरासरी काढली तर ग्राहकाचेच ३४० रुपये कंपनीकडे अडकलेले आहेत. त्यावर व्याज मिळते, ते द्यावे असे विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४७ मध्येच म्हटले आहे.

प्रीपेडमध्ये ठेव नाही. प्रीपेड मीटरवर वीज घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही, हे त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमात आहे. दर पंधरा दिवसांनी ३०० रुपये भरले तर सरासरी १५० रुपये कंपनीकडे राहतील. म्हणजे केवळ अडकून पडलेल्या पैशाकडे पाहिले तर प्रीपेड स्वस्त! ही गोष्ट आम्हाला हिशेब करेपर्यंत अशी स्पष्ट दिसली नव्हती.

मग लोकांचा विरोध चुकीचा होता का? आम्हाला तसे वाटत नाही. पोस्टपेडमध्ये ग्राहक पैसे नव्हे, वेळ विकत घेतो. बिल थकले तर कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी सूचना दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नाही. बिलच चुकीचे वाटले तर तक्रार नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरता येते, आणि वाद मिटेपर्यंत दिवा चालू राहतो. प्रीपेडमध्ये वादाच्या आधीच पैसे कापले गेलेले असतात. भांडायचे ते परत मिळवण्यासाठी.

हा फरक कुणाला जाणवतो? महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार घेणाऱ्याला फारसा नाही. शेजारच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या खलाशाला जाणवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हातात पैसा नसलेले ते दोन महिने आणि पोस्टपेडमधली ती ५८ दिवसांची मुभा यांची लांबी सारखीच आहे. बाकीच्या दहा महिन्यांत त्यालाच पन्नास-शंभर रुपयांचे लहान लहान भरणे सोयीचे पडेल. तेव्हा एका घरासाठीही उत्तर बारा महिने एकच असेल असे नाही.

पोस्टपेड पद्धतीचीही एक काळी बाजू आहे, ती २०२० मध्ये दिसली. मार्चअखेर टाळेबंदीमुळे वाचन थांबले आणि सरासरीची बिले निघाली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, आगरांतली झाडे तारांवर पडली, खांब आडवे झाले. त्याच जून महिन्यात राज्यभर तीन महिन्यांचे वाचन एकत्र येऊन मोठ्या रकमांची बिले पडली. वापर खरा होता, उन्हाळ्यात सगळे घरी होते, टप्प्यांचा हिशेबही तीन महिन्यांत वाटून दिला होता. तरी एकदम आलेला आकडा लोकांना पटेना. उधारीत खर्च दिसत नाही, तो साठतो. रोज दहा-वीस रुपये कापले जाताना दिसतात, तेव्हा माणूस पंखा बंद करायला उठतो.

भाडेकरूचे गणित

आता पुन्हा चौलच्या ओटीवर येऊ. इथे तीन माणसे आहेत: कंपनी, घरमालक आणि भाडेकरू. मीटर एक, नाव घरमालकाचे. भाडेकरूसाठी घरमालकाने आतल्या भिंतीवर एक सब-मीटर लावला आहे. कंपनीच्या वहीत या सब-मीटरची नोंद नाही. तो दोघांतला खाजगी मामला. कंपनीच्या दृष्टीने ग्राहक एकच.

हे का महत्त्वाचे? आपले घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, पुढे आणखी दोन. दर बदलत राहतात, म्हणून उदाहरणापुरते पहिल्या टप्प्याला ६ रुपये आणि दुसऱ्याला १२ रुपये धरू. घरमालकाचा वापर ९० युनिटे, भाडेकरूचाही ९०. दोन स्वतंत्र मीटर असते तर प्रत्येकाला ५४० रुपये, मिळून १०८०. एकाच मीटरवर १८० युनिटे झाली की पहिल्या शंभराचे ६०० आणि पुढच्या ८० चे ९६०, एकूण १५६०. जास्तीचे ४८० रुपये कुणी ‘वापरले’? कुणीच नाही. ते दोन चुली एका मीटरखाली आल्याने निर्माण झाले. (दुसरा मीटर घेतला तर त्याचा स्थिर आकार वेगळा भरावा लागेल, तो यातून वजा धरावा.) घरमालक ‘माझे पहिले ९०, तुमचे वरचे ९०’ असे म्हणाला तर भाडेकरूच्या बिलात १० युनिटे ६ रुपयांनी आणि ८० युनिटे १२ रुपयांनी, एकूण १०२० येतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. निम्मे निम्मे केले तर ७८०. वर्गात हे उदाहरण मांडून ‘न्याय्य वाटणी कोणती?’ असे विचारा. गणिताचा तास नागरिकशास्त्राचा होऊन जाईल.

आणि विहिरीवरचा पंप? एक अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण एक किलोवॅट खातो. आगराला रोज दोन तास पाणी सोडले तर महिन्याला ६० युनिटे. तो कोणत्या मीटरवर आणि कोणत्या तारेवर आहे, हे खोली घेतानाच पाहावे. भाडेकरूने आपल्या खोल्यांतले सर्व बंद करावे, घरमालकाने पंप लावावा आणि सब-मीटरचा दिवा पाहावा. तो लुकलुकला तर नारळांना कोण पाणी घालते आहे ते कळेल!

घरमालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. अकरा महिन्यांचा करार संपवून भाडेकरू निघून जातो आणि मागे दोन महिन्यांचे बिल राहते. ते कंपनी कुणाकडे मागणार? जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ च्या निकालात, जागेच्या आधीच्या वापरकर्त्याची थकबाकी भरण्याची अट नियमांनुसार नव्या मालकाला घालता येते, असे म्हटले आहे. तेव्हा थकबाकी माणसाबरोबर जातेच असे नाही, ती घरालाही चिकटून राहू शकते. म्हणून घरमालकाला प्रीपेड आवडतो. त्याची सर्व जोखीम एका स्विचवर येते.

उलट दिशेने, म्हणजे प्रीपेडवरून पोस्टपेडवर जायचे म्हटले की ही जोखीम पुन्हा कुणाच्या तरी अंगावर येते. वरच्या हिशेबातली १२०० रुपयांची ठेव भरावी लागते. भाडेकरूच्या सोयीसाठी बदल, म्हणून ती त्यानेच भरली, असे समजा. ठेव जमा होते जोडणीच्या नावावर, म्हणजे घरमालकाच्या. दरवर्षीचे व्याज त्याच्या बिलातून वळते होते. भाडेकरू गेला तरी कंपनी त्याला एक पैसा परत देणार नाही, कारण ती त्याला ओळखतच नाही.

ब्रिटनमधल्या भाडेकरूपुढेही अशीच गोष्ट येते. बिल तो स्वतः भरत असेल तर प्रीपेडवरून उधारीच्या मीटरवर जाण्याची मागणी तो करू शकतो, पण पुरवठादार त्याची आर्थिक पत तपासतो किंवा ठेव मागतो. त्याच देशात उलट दिशेने झालेल्या सक्तीने मोठा गहजब झाला. थकबाकीदारांच्या घरांत वॉरंट घेऊन प्रीपेड मीटर बसवले जात होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाच्या सांगण्यावरून कंपन्यांनी आणि न्यायालयांनीही ते थांबवले. थंडीच्या दिवसांत शिल्लक संपली म्हणजे घर गारठते, आणि याची बातमी शेजाऱ्यालाही लागत नाही. पुरवठा तोडल्याची नोंद कुठेच होत नाही, कारण तो कुणी ‘तोडलेला’ नसतो.

आपल्याकडे भाडेकरूसाठी एक वाट आहे, ती फार कमी लोक वापरतात. विद्युत अधिनियमाचे कलम ४३ जागेच्या मालकाच्या ‘किंवा ताबेदाराच्या’ अर्जावर वीज द्यावी असे म्हणते. म्हणजे रीतसर करार असलेला भाडेकरू स्वतःच्या नावाने जोडणी मागू शकतो. ठेव त्याची, टप्पा त्याचा, सूचनेचे १५ दिवसही त्याचे, आणि जाताना ठेव परत मिळण्याचा हक्कही त्याचाच. कागद जमवावे लागतात, घरमालकाची संमती सोबत असली तर काम सुकर होते. वर्षा-दोन वर्षांत पुन्हा बदली होणाऱ्याला हा खटाटोप नकोसा वाटणे साहजिक आहे.

ज्याला नको, त्याने निदान करारात तीन ओळी घालून घ्याव्यात. राहायला आल्याच्या दिवशीचे मुख्य मीटरचे आणि सब-मीटरचे वाचन, टप्प्यांमुळे वाढणाऱ्या रकमेची वाटणी कशी करायची ते, आणि कंपनीकडची ठेव कुणी भरली व जाताना ती कुणी कुणाला द्यायची ते. वाचन लिहिताना एक काळजी घ्यावी. नव्या मीटरचा पडदा दर काही सेकंदांनी बदलतो: तारीख, वेळ, दाब, प्रवाह, कमाल मागणी असे आकडे एकामागून एक येतात. आपल्याला हवा तो किलोवॅट-तासांचा एकूण आकडा. त्याच्यापुढे ते एकक दिसेपर्यंत थांबावे आणि मगच, दोघांनी मिळून, फोटो काढावा.